बांधावरून: मोटर आपली, तर तिची फाईलही आपल्याला उघडता यावी



हरभरा फुलावर आला की आमच्या महागाव तालुक्यात एकच प्रश्न कानी पडतो. पूस नदीच्या काठच्या गावांपासून ती हिवरा संगमला पैनगंगेला मिळते तिथपर्यंत, जो भेटेल तो विचारतो, "लाईन केव्हा आहे?" दिवसा असेल तर बरे. रात्रपाळी असेल तर हातात बॅटरी, पायात गमबूट, आणि विंचू-काट्याची धास्ती घेऊन वावराची वाट धरायची. ज्या फीडरला अजून रात्रपाळी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या त्रासातून सुटका म्हणून मोटर आपोआप चालवणारी साधने आपल्याकडे आली. आधी स्टार्टरमधला ऑटो आला. लाईन आली की मोटर सुरू, एवढेच त्याला कळे. मग पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' आले आणि मोबाईलवरून मोटर चालू-बंद करता येऊ लागली. आता काही घरांत शिकलेली मुले याच्याही पुढचे यंत्र बसवत आहेत. आज त्याच यंत्राबद्दल बोलायचे आहे. कारण ते बसवून मूल शहरात निघून जाते, आणि मागे राहिलेल्या माणसाला ते उघडता येत नाही.

मागे एका घरी गेलो होतो. घर गावालगत, मागेच ओलिताचे वावर आणि विहीर. काकाजी ओसरीवर बसलेले, चेहरा उतरलेला. भिंतीवरच्या फळीवर पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी, तिच्यावर बारीक दिवा लुकलुकत होता.

"साहेब, हे पोरानं बसवलं," काकाजी म्हणाले. "मोटर आपोआप चालू होते, कोठ्यातला दिवा आपोआप लागते. पन आता लाईनची पाळी बदलली. लाईन येते रातच्या दहाले अन् हे मोटर लावते सकाळच्या सहाले. पोरगं पुन्याले, मोटर महागावले. सांगा आता, हे ऐकीन कोनाचं?"

मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, "बाबा, फाईलमध्ये वेळ बदलावी लागेल. संक्रांतीला आलो की करतो." पण हरभरा संक्रांतीची वाट पाहत नाही. फुलोऱ्यातले पाणी चुकले ते चुकलेच.

त्या दिवशी ते काम काकाजींच्या सूनबाईंनी केले. बारावी शिकलेल्या, संगणकाचा वेगळा अभ्यास नाही. मी फक्त शेजारी बसून सांगत होतो. अर्ध्या तासात झाले. म्हणून म्हणतो, हे काम अवघड नाही. मात्र धसमुसळेपणाने करण्याचेही नाही. वखराची पास बदलताना जेवढी काळजी घेता, तेवढी घ्या म्हणजे झाले.

ही डबी म्हणजे काय?

डबी म्हणजे एक लहान संगणक. पुष्कळ ठिकाणी 'रास्पबेरी पाय' नावाचा असतो. हा इंग्लंडमधून २०१२ साली बाजारात आला. त्यावर 'होम असिस्टंट' नावाची प्रणाली चालते. ती पाउलुस स्खाउटन या मूळच्या डच तरुणाने २०१३ साली सुरू केली आणि जगभरच्या लोकांनी मिळून वाढवली. ती फुकट आहे. सगळा कारभार घरातल्या घरात चालतो, त्यामुळे इंटरनेट गेले तरी घरातली कामे बहुधा चालू राहतात. खेड्यात ही मोठी सोय आहे.

या संगणकाला हात-पाय नाहीत. तो हुकूम देतो, काम रिले करतो. रिले स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरला इशारा देतो आणि कॉन्टॅक्टर मोटर लावतो. पाच अश्वशक्तीच्या मोटरीचा भार लहान रिलेवर कधीही टाकू नका, तो जळेल. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आता हुकूम कोणता द्यायचा, हे त्या संगणकाला कसे कळते? ते काही फायलींत लिहून ठेवलेले असते. तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो, तसे या यंत्राचे दप्तर म्हणजे 'कॉन्फिग' नावाचा फोल्डर. त्यात मुख्य फाईल 'कॉन्फिगरेशन डॉट यामल'. आपोआप करावयाच्या कामांचे नियम बहुधा 'ऑटोमेशन्स डॉट यामल' या फायलीत असतात. पासवर्ड आणि गुप्त आकडे 'सीक्रेट्स डॉट यामल' मध्ये ठेवतात. पडद्यावर ही नावे इंग्रजी अक्षरांत दिसतील, मी येथे उच्चार दिले आहेत. त्याच जागी 'डॉट स्टोरेज' नावाचा एक लपलेला फोल्डरही असतो. त्याला हात लावू नका. ते यंत्राचे स्वतःचे टिपण आहे, माणसाने लिहायचे नव्हे.

दप्तर उघडायचे कसे?

घरच्या वायफायवर असलेला संगणक किंवा मोबाईल घ्या. ब्राउझरमध्ये पत्ता लिहा: होमअसिस्टंट, डॉट, लोकल, मग कोलन आणि ८१२३. नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. येथेच पुष्कळ घरे अडतात, कारण पासवर्ड मुलाच्या डोक्यात असतो आणि मूल पुण्यात. म्हणून यंत्र बसवले त्याच दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसाच्या नावाने प्रशासकाचे, म्हणजे सगळे अधिकार असलेले, खाते काढून घ्या. नुसते बघण्याचे खाते उपयोगाचे नाही.

आत गेल्यावर 'सेटिंग्ज' मध्ये जोडसाधनांचे दालन असते. आवृत्तीप्रमाणे त्याला 'अ‍ॅड-ऑन' किंवा 'अ‍ॅप' म्हणतात. तेथून 'फाईल एडिटर' बसवा आणि सुरू करा. डाव्या कोपऱ्यातल्या फोल्डरच्या चिन्हावर बोट ठेवले की फायलींची यादी दिसते. हवी ती फाईल उघडा, बदला, जतन करा. नवशिक्याला हीच वाट बरी.

दुसरी वाट 'सांबा' नावाच्या साधनाची. ते बसवले की यंत्रातला फोल्डर घरच्या विंडोज संगणकावर आपल्या इतर फोल्डरांसारखा दिसतो. नक्कल काढून ठेवायला हे फार सोईचे. तिसरी वाट टर्मिनलची. तेथे हुकूम टाईप करावे लागतात. ती जाणत्यांसाठी आहे.

एक वाट मात्र कधीही धरू नका. काही जण डबीतले मेमरी कार्ड काढून विंडोज संगणकात घालतात. विंडोजला त्या कार्डाचा मुख्य भाग वाचता येत नाही, आणि मग तो विचारतो, "हे कार्ड फॉरमॅट करू का?" घाईत 'हो' म्हटले की सगळे दप्तर पुसले जाते. विहीर गाळायला गेलो आणि विहीरच बुजवून आलो, असा तो प्रकार होतो.

लिहिण्याचे नियम

या फायली 'यामल' नावाच्या पद्धतीने लिहितात. तिचे व्याकरण थोडे आहे, पण कडक आहे.

पहिले, ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेला अर्थ आहे. कोणती ओळ कोणाच्या पोटातली, हे त्या जागेवरून ठरते. प्रत्येक पायरीला दोन रिकाम्या जागा सोडण्याचा रिवाज आहे. त्या स्पेसच्या बटणानेच सोडायच्या, टॅबच्या बटणाने नाही. तिफणीचे एक फण सरकले तर सगळे तास वाकडे जाते, तसे येथे एक जागा सरकली की पुढचे सगळे बिघडते.

दुसरे, शब्दानंतर कोलन आणि कोलननंतर एक रिकामी जागा. ती सोडलीच पाहिजे.

तिसरे, वेळ नेहमी अवतरणचिन्हांत लिहा, आणि ती चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे. रात्रीचे दहा म्हणजे २२:००:००. फाईलमध्ये हे आकडे इंग्रजी आकड्यांत लिहावे लागतात. अवतरण सोडले तर यंत्र ती वेळ भलताच आकडा समजू शकते. 'ऑन' आणि 'ऑफ' हे शब्द एखाद्या वस्तूची स्थिती म्हणून लिहिताना तेही अवतरणांत घाला.

चौथे, मोबाईलवर लिहिताना जपून. मोबाईल शहाणपणा करून पहिले अक्षर मोठे करतो आणि सरळ अवतरणाच्या जागी वळणदार अवतरण घालतो. आपल्याला ते फरकाचे वाटत नाही, यंत्राला वाटते. शक्य असेल तर संगणकावर लिहा.

पाचवे, ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकले की ती ओळ यंत्र वाचत नाही. तेथे आपण मराठीत टीप लिहू शकतो: कोणी बदलले, केव्हा, कशासाठी. मात्र पडद्यावरच्या फॉर्ममधून नियम जतन केला, तर नियमांच्या फायलीतल्या अशा टिपा पुसल्या जातात. म्हणून खरी नोंद घरातल्या वहीत ठेवा.

काकाजींच्या घरी काम एवढेच होते. नियमांच्या फायलीत 'अ‍ॅट' या शब्दापुढे सकाळच्या सहाची वेळ होती. सूनबाईंनी तेथे रात्री सव्वादहाची वेळ घातली. लाईन दहाला येते, पण पहिली काही मिनिटे दाब वर-खाली होतो, म्हणून पंधरा मिनिटे मागे ठेवली.

माझ्या हातून झालेली चूक

तुम्ही म्हणाल, एवढेच तर आहे, मग इतका उपदेश कशाला? तर आता माझीच गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तुमचे नुकसान टळावे.

आमच्या वडिलोपार्जित वावरात मी असाच नियम लावला होता: मोटर सुरू कर, दोन तास थांब, मग बंद कर. एका रात्री साडेदहाला वाटले, जमीन भारी आहे, दोन तास जास्त होतात, दीडच तास पाणी देऊ. मोटर तेव्हा चालू होती. मी फाईल उघडली, दोनाचा दीड केला, जतन केले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि झोपलो.

यंत्र पुन्हा सुरू झाले, पण आपण मधेच थांबलेलो होतो, ही गोष्ट ते विसरले. अशा नियमातली 'थांब' ही पायरी यंत्र पुन्हा सुरू केले की टिकत नाही. सुरू करण्याचा हुकूम देऊन झाला होता, बंद करण्याचा द्यायचा राहिला, आणि पुढे कोणी दिलाच नाही. रिले होता तसा चालूच राहिला. मोटर लाईन जाईपर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत पाणी ओतत होती.

सकाळी पाहतो तो अर्ध्या एकरात तळे. भारी काळ्या जमिनीत हरभऱ्याला पाणी साचणे सोसत नाही. आठवडाभरात झाडे पिवळी पडली, मुळे कुजली. तो तुकडा हातचा गेला. गावोगाव शेतकऱ्यांना हरभऱ्याला बेताने पाणी द्या म्हणून सांगणारा मी, माझ्याच वावरात ही दशा! वडील असते तर म्हणाले असते, "दांड मोडताना बाऱ्यावर माणूस उभा पाहिजे." मी उभा नव्हतो.

त्यात माझी दुसरीही चूक होती. बदलण्यापूर्वी जुन्या फायलीची नक्कल काढली नव्हती. गोंधळात आणखी काही ओळी बिघडवल्या आणि मूळ काय होते ते आठवेना. दोन दिवस मोटर हातानेच चालवली.

तेव्हा पुढील क्रम पाळा

एक. मोटर बंद असताना, आणि लाईन यायला अवकाश असतानाच फाईल उघडा. मोटर चालू असताना नियम बदलू नका, यंत्रही पुन्हा सुरू करू नका.

दोन. आधी नक्कल. 'सेटिंग्ज' मधल्या 'सिस्टम' मध्ये 'बॅकअप' आहे. तो घ्या आणि यंत्राबाहेर, दुसऱ्या संगणकावर किंवा पेनड्राईव्हवर उतरवून ठेवा. यंत्रातच ठेवलेली नक्कल कार्ड खराब झाले की त्याच्यासोबत जाते. २०२५ पासूनच्या आवृत्त्यांत बॅकअपला कुलूप असते आणि त्याची किल्ली म्हणजे एक लांबलचक अक्षरमाला. ती कागदावर उतरवून पेटीत ठेवा. किल्ली हरवली तर नक्कल असून नसल्यासारखी.

तीन. एका वेळी एकच बदल. एकाच दिवशी खत, फवारणी आणि बियाणे बदलले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हे कळत नाही. येथेही तसेच.

चार. जतन केल्यावर 'डेव्हलपर टूल्स' मधल्या 'यामल' पानावर 'चेक कॉन्फिगरेशन' दाबा. लिहिण्यात चूक असेल तर बहुधा ओळीच्या क्रमांकासह सांगितले जाते. पण ही तपासणी व्याकरणाची आहे, अकलेची नाही. सव्वादहाऐवजी सव्वाअकरा लिहिले तर ती ते बरोबरच म्हणेल.

पाच. तपासणी उतरली तरच पुढे जा. नुसता नियम बदलला असेल तर तेथेच 'ऑटोमेशन्स' पुन्हा वाचून घेण्याची सोय आहे, तेवढी पुरते. मुख्य फाईल बदलली असेल तर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. मुख्य फाईल बिघडली असेल तर यंत्र 'रिकव्हरी मोड' मध्ये उठते. घाबरू नका. फाईल एडिटर उघडा, चूक दुरुस्त करा किंवा जुनी नक्कल परत घाला.

सहा. बदलानंतरच्या पहिल्या पाळीला स्वतः विहिरीवर उभे राहा. मोटर वेळेवर लागली, वेळेवर थांबली, हे डोळ्यांनी पाहा. मगच झोपा.

सात. यंत्रावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. 'दोन तास थांब' याच्या जोडीला, ठराविक वेळी मोटर बंद करणारा वेगळा नियम ठेवा. तिसरा नियम असा, की यंत्र नव्याने सुरू झाले की मोटर आधी बंद करावी. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड आणि कोरड्या विहिरीत मोटर थांबवणारे संरक्षण ठेवाच. फाईल चुकली तरी ते चुकत नाही. रिलेसुद्धा लाईन गेली-आली की बंद स्थितीत यावा, असा लावून घ्या.

आणखी काही गोष्टी

आपल्याकडे वीज वारंवार जाते. अशा वेळी मेमरी कार्ड खराब होऊ शकते. डबी आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. या लहान संगणकाच्या बऱ्याच नमुन्यांत बॅटरीचे घड्याळ नसते. वीज गेल्यावर ते खरी वेळ इंटरनेटवरून घेतात. वीज आली आणि इंटरनेट आले नाही, तर त्याची वेळ चुकलेली असू शकते, आणि वेळ चुकली की वेळेवरचा नियमही चुकतो. तेव्हा वीज जाऊन आल्यावर पडद्यावरची वेळ घरच्या घड्याळाशी ताडून पाहा.

काकाजींच्या मुलाने पुण्याहून आत यायची वाट ठेवली नव्हती. त्याचा त्यांना राग होता. पण अर्धवट माहितीवर ८१२३ चे दार बाहेरच्या जगाला उघडे टाकणे हे त्याहून वाईट. बाहेरून वापरायचे असेल तर सुरक्षित मार्ग जाणकाराकडून लावून घ्या.

आणि ही गोष्ट पोराबाळांनाही सांगून ठेवा: ज्या मोटरीला यंत्राने चालू होता येते, तिला हात लावण्यापूर्वी मेन स्विच खाली पाडायचा. "आत्ता तर बंद आहे" हे कारण चालणार नाही. विहिरीजवळ खडूने नव्हे, रंगाने पाटी लिहा: मोटर आपोआप सुरू होते.

शेवटची सूचना मुलांसाठी. बाबांनो, रोज लागणारा विळा आपण ओसरीत ठेवतो, वर्षातून लागणारी तिफण माळ्यावर. लाईनची पाळी वारंवार बदलते, तर मोटरीची वेळ फाईलच्या पोटात कशाला पुरून ठेवता? या प्रणालीत वेळेचा 'हेल्पर' करता येतो. तो पहिल्याच पानावर ठेवला आणि नियमाने वेळ तेथून घेतली, तर बोटाने आकडे फिरवून काम होते, फाईल उघडावीच लागत नाही. शहरात परतण्यापूर्वी एवढे करून द्या. आणि घरातल्या वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: यंत्राचा पत्ता, खात्याचे नाव, नक्कल कोठे आहे, आणि सगळे बंद पडले तर मोटर हाताने कशी लावायची. पासवर्ड आणि बॅकअपची किल्ली मात्र वेगळ्या कागदावर, पेटीत.

त्या रात्री सव्वादहाला मी काकाजींबरोबर विहिरीवरच होतो. थंडी मी म्हणत होती. दहाला लाईन आली. सव्वादहाला खट्ट आवाज झाला, मोटर गुरगुरली आणि पाणी आले. काकाजी दांडाकडे पाहत राहिले. मग सूनबाईंना म्हणाले, "आता मले पन शिकव वं ते उघडाले."

सूनबाई म्हणाल्या, "मामाजी, उद्या सकाळी मोटर बंद झाल्यावर."

तिला नियम कळला होता. तुम्हालाही कळला असेल, तर आजचे बोलणे कारणी लागले. तुमच्या घरी असे यंत्र असेल तर आजच विचारा, पासवर्ड कोणाजवळ आहे?

पुन्हा भेटूच. रामराम.